कपाटामागचा रंग

वहिनी: वन्सं, नखानं नका हो काढू रंग! खरवडायची पत्री दिलीय ना तुमच्या हातात?

वन्सं: पत्रीनं खाच रुंद होते. मग नवा रंग तिथं साचतो आणि ओघळतो. नख बरं.

वहिनी: आणि नख गेलं म्हणजे?

वन्सं: जाईल तर येईल. सगळी नोकरी नखं कापून काढली. वॉर्डात मेट्रनचीच नखं वाढलेली दिसली तर पोरी काय ऐकणार? आता वाढवलीत, तर ती काहीतरी कामाला येऊ देत. आणि तू कोरडी घासू नकोस. घासायचा कागद पाण्यात बुडव. जुन्या रंगाची धूळ छातीत जाते.

वहिनी: बुडवते. तोंडाला फडकंही बांधलंय, बघा. स्वतः शिवलंय, दोन चुण्या घालून.

वन्सं: चुण्या कशाला त्याला?

वहिनी: नाक मावायला. आमच्या शिलाईत ज्याला जेवढं लागतं तेवढं सोडावं लागतं. वन्सं, किती घासायचं हो? लाकूड दिसेपर्यंत?

वन्सं: छे! लाकूड उघडं नाही पाडायचं. नुसती चकाकी मारायची. हात फिरवला की जरा खरखरीत लागलं पाहिजे, बस. नव्या रंगाला धरायला काहीतरी हवं. गुळगुळीतावर काही टिकत नाही.

वहिनी: तो पेंटर तर म्हणाला होता, फळ्या सगळ्या उखडून टाका. कमरेपर्यंत लाकूड हल्ली कोण ठेवतं, म्हणे. भिंत सपाट करून देतो.

वन्सं: गुडघा दुखतो म्हणून पाय कापा म्हणणाऱ्यांतला दिसतो. चांगलं कसदार लाकूड आहे. वाजवून बघ. एकही फळी पोकळ नाही.

वहिनी: म्हणूनच म्हटलं, आपणच करू. तुम्ही आहात तोवर.

वन्सं: हं. आहे तोवर.

वहिनी: म्हणजे... तुमची मदत आहे तोवर, असं म्हणत होते मी.

वन्सं: कळलं गं. ही भिंत संपत आली. ती कपाटाची बाजू राहू दे.

वहिनी: राहू दे? ते येताहेत ना इतक्यात दुकानातून. त्यांच्याकडून कपाट सरकवून घेऊ.

वन्सं: कशाला? कपाटामागं कोण बघायला जातंय? मी इतक्या गावांत बदल्या काढल्या, दर ठिकाणी खोली रंगवून घेतली, पण कपाटामागं कधी ब्रश लावला नाही. जिथून निघायचं असतं तिथं दिसेल तेवढंच रंगवावं.

वहिनी: हो का.

वन्सं: काय झालं?

वहिनी: कुठं काय? कागद बुडवतेय. संध्याकाळी फोन करायचाय ना तुम्हाला मैत्रिणीला?

वन्सं: तीच करणार आहे. तिला आज हो-नाही कळायला हवं. तिच्या शेजारची खोली आहे, किती दिवस अडवून ठेवणार बिचारी? बरी आहे खोली. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. दोघी निवृत्त, दोघींना गुडघे. एकमेकींची औषधं विसरायला सोबत होईल.

वहिनी: छानच. लिफ्ट म्हणजे छानच.

वन्सं: इथं काय, माझ्या घरमालकाच्या मुलानं घर रिकामं करायला लावलं म्हणून चार बॅगा घेऊन आले. तुमच्याकडे किती दिवस पसारा मांडायचा?

वहिनी: पसारा कुठं मांडलात? बॅगा पलंगाखाली बंदच्या बंद आहेत. ब्रशसुद्धा दात घासून झाले की परत बॅगेत जातो.

वन्सं: तू माझा ब्रश बघतेस?

वहिनी: बाथरूममध्ये कप ठेवलाय ना मी तुमच्यासाठी, जांभळा. रिकामाच असतो. दिसतो मग.

वन्सं: अगं, वॉर्डातली सवय. आपलं सामान आपल्याजवळ. बरं, हे बघ. हा पोपडा बघ कसा सुटलाय. अख्खी पट्टी निघतेय केळ्याच्या सालीसारखी.

वहिनी: अगं बाई! खाली पिस्ता रंग!

वन्सं: तुझ्या नवऱ्यानं, आमच्या गोट्यानं, घासलंच नव्हतं तर! त्या चकचकीत पिस्त्यावर थेट हा वांगी रंग फासला. मग सुटणारच की. सोड्याच्या पाण्यानं धुतलंसुद्धा नसेल शहाण्यानं.

वहिनी: पिस्ता... मी नवी नवरी म्हणून आले ना, तेव्हा हाच होता.

वन्सं: हो. बाबा आणि मी मिळून दिला होता. मी खाचा, बाबा सपाटी. आधी ब्रशनं खाचा भरायच्या आणि मग सपाटीवर एक लांब हात. मधे थांबलं की बाबा ओरडायचे, "हात उचलू नकोस, जोड दिसेल!"

वहिनी: काय उजेड यायचा हो खोलीत.

वन्सं: यायचा खरा.

वहिनी: म्हणजे वांगीही काही वाईट नाही, हं. भारदस्त आहे.

वन्सं: नाही नाही, वाईट कुठं? मळखाऊ आहे.

वहिनी: मळ दिसतच नाही. काहीच दिसत नाही. परवा सुई पडली ती अजून सापडली नाही. पण वन्सं, खरं सांगा, हा निघतोय म्हणून वाईट तर नाही ना वाटत? तुमच्या आवडीचा रंग.

वन्सं: कुठला?

वहिनी: हाच, वांगी.

वन्सं: माझ्या आवडीचा?

वहिनी: तुम्हीच पसंत केलात ना?

वन्सं: मी? मी कधी पसंत केला? हा तर तुझ्या हौसेचा! मी सुट्टीवर आले, दार उघडलं, मला वाटलं गोदामात शिरले. तोंड उघडणार तेवढ्यात गोट्या कानाशी लागला, "ताई, काही बोलू नको, हिनं फार हौसेनं निवडलाय."

वहिनी: मी निवडला? मला तर म्हणाले, "ताईनं फोनवरून सांगितलाय रंग, तिचं माहेर आहे, तिला नाही कसं म्हणू?" मी रडले हो त्या दिवशी! शिलाई मशीन पुढच्या खोलीत नेलं, इथं दोऱ्याचा रंग कळेना म्हणून!

वन्सं: त्यासाठी नेलंस? मला वाटलं मी सुट्टीत येते तेव्हा अडचण नको म्हणून नेलंस.

वहिनी: मग ते जांभळे पडदे? मी तुमच्यासाठी शिवले! रंगाला रंग जुळावा म्हणून बाजारभर हिंडले होते.

वन्सं: तुझे पडदे बघून तर माझी खात्रीच पटली, की या बाईला जांभळ्याचं वेड आहे. म्हणून मग जिथं बदली होईल तिथून तुला चादरी आणत गेले. जांभळ्या. उशांचे अभ्रे जांभळे. ती फुलदाणी.

वहिनी: तो पायपुसण्याचा गोल!

वन्सं: तो शोधायला तर मला दोन दुकानं पालथी घालावी लागली. दुकानदार म्हणाला, बाई, हा रंग कुणी घेत नाही.

वहिनी: आणि मी म्हणायचे, वन्संना किती हा एकच रंग आवडावा! परवाचा कपसुद्धा त्यामुळेच आणला. जांभळा मिळेना, तर लहान मुलांच्या दुकानातून आणला. तळाशी ससा आहे त्याच्या.

वन्सं: बघितला मी. मला वाटलं, सशाचंही वेड आहे हिला.

वहिनी: अहो... मला खाली बसू द्या. हसून पोटात कळ आली.

वन्सं: बस. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं असेल. जिना वाजला, येतोय तो. तू काही बोलू नकोस. मी बघते.

भाऊ: घ्या, प्रायमर आणलंय, काचपेपर आणलाय, रोलर आणलाय. दुकानदार म्हणतोय, रंगाचा नमुना दिलात तर बंद व्हायच्या आत मिसळून देतो. ठरला का रंग? दोघी जमिनीवर का बसलात? पडलं का कुणी?

वन्सं: गोट्या, इकडे ये.

भाऊ: ताई, तू अशी 'इकडे ये' म्हणालीस की मला इंजेक्शनचा वास येतो.

वन्सं: समोर उभा राहा. हा रंग कुणी निवडला?

भाऊ: कुठला?

वहिनी: अहो, घरभर एकच तर आहे!

भाऊ: हा होय... आता इतकं जुनं कुणाच्या लक्षात राहतंय? सगळ्यांनी मिळून निवडला असेल.

वन्सं: ही म्हणते मी. मी म्हणते ही.

भाऊ: अरेच्चा. बोललात का एकमेकींशी?

वहिनी: मुद्द्याचं बोला.

भाऊ: सांगतो, सांगतो. ते प्रायमर तरी खाली ठेवू दे. दुकानात कुणीतरी परत केलेला डबा होता. मोठा डबा, रंग भारी कंपनीचा. झाकणावर लागलेला ठिपका तर छान दिसत होता.

वहिनी: ठिपका!

भाऊ: घरी आणला आणि झाकण उघडल्याबरोबर तू म्हणालीस, कुणाच्या डोक्यातून निघाला हा? आता मी माझं डोकं म्हटलं असतं तर तू मला डब्यासकट परत पाठवलं असतंस. ताई लांब होती. म्हणून म्हटलं, ताईनं सांगितला.

वन्सं: आणि मी आले तेव्हा ही जवळ होती, म्हणून हिच्या नावावर.

भाऊ: तुला अडवायचं होतं गं. तू बोलली असतीस, ही दुखावली असती. मग मला वाटलं, आठवडाभरात तुमच्या बोलण्यात निघेलच आणि माझी चंपी होईलच. पण तुम्ही दोघी इतक्या एकमेकींच्या मनाला जपणाऱ्या! ही पडदे शिवतेय, तू चादरी आणतेस. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, की खरंच दोघींना आवडतो. मीच एकटा सहन करतोय.

वहिनी: तुम्हालाही नाही आवडत?

भाऊ: मला? मी तर या खोलीत चष्मा ठेवतसुद्धा नाही. परत मिळत नाही.

वन्सं: म्हणजे तिघांनाही नको होता.

भाऊ: तिघांनाही. पण घरात भांडण नाही झालं एकदाही, हे तर मान्य करशील?

वन्सं: तू गप्प बस. चहा टाक जा.

भाऊ: टाकतो. कोणत्या कपात देऊ? सशाच्या?

वहिनी: जा हो! ...वन्सं, आता एक विचारू? ते यायच्या आत.

वन्सं: विचार.

वहिनी: तुम्हाला खरंच जायचंय का मैत्रिणीकडे?

वन्सं: लिफ्ट आहे तिथं. खाली दवाखाना...

वहिनी: तो झाला झाकणावरचा ठिपका. आतलं सांगा.

वन्सं: आतलं काय सांगणार? बोलावलं तिनं. इथं कुणी 'राहा' म्हणालं नाही. म्हणावं अशी अपेक्षाही नव्हती हं माझी. चार दिवस सुट्टीला येणारी नणंद वेगळी आणि रोज सकाळी उठून समोर दिसणारी वेगळी. तू म्हणाली असतीस तर नाइलाजानं म्हणाली असतीस, आणि मला ते कळलं असतं.

वहिनी: आणि मी म्हटलं नाही ते का? मला वाटलं, तुम्हाला तिकडे जायचंय. मी 'राहा' म्हटलं तर माझं मन मोडायला नको म्हणून राहाल, आणि आतल्या आत कुढाल. जांभळ्या चादरीवर झोपता तशा. म्हणून तोंड शिवून बसले. रात्री यांना म्हणायचे, वन्संच्या बॅगा अजून बंदच आहेत. तर हे म्हणायचे, तू विचार. मी म्हणायचे, तुमची बहीण, तुम्ही विचारा.

वन्सं: गोट्या कुणाला काय विचारणार? तो दोघींना दोन उत्तरं सांगून मोकळा झाला असता.

वहिनी: मग आता मीच सांगते. सरळ. मला तुम्ही इथं हव्या आहात. पाहुण्या म्हणून नाही. मुलं लांब गेली, घर मोठं झालंय. दुपारी मशीन थांबलं की इतकं शांत होतं की मी उगीच पुन्हा चालवते, नुसतं. तुम्ही आल्यापासून चालवलं नाही.

वन्सं: तो कागद दे इकडे. इथं घासायचं राहिलंय.

वहिनी: बोला ना काहीतरी.

वन्सं: थांब जरा. ही धूळ फार वाईट.

वहिनी: फडकं देऊ का चुण्यांचं?

वन्सं: दे. हे बघ, मी पहाटे उठते. भांडी वाजतात माझ्या हातून.

वहिनी: माहितीय. रोज जाग येते मला.

वन्सं: अगं मग बोलायचं नाही?

वहिनी: आता बोलतेय. आणखी सांगू? मी चादरींच्या घड्या घालून ठेवते त्या तुम्ही माझ्यामागं उलगडून पुन्हा घालता. ते मला बिलकूल आवडत नाही.

वन्सं: तुझे कोपरे जुळत नाहीत.

वहिनी: शिवणाऱ्या बाईला सांगताय कोपरे?

वन्सं: शिवणाऱ्या बाईचेच जुळत नाहीत म्हणून तर सांगतेय. आणि तू भाजी चिरताना रेडिओ लावतेस आणि स्वतःही बोलतेस. मला दोन्ही ऐकू येत नाही.

वहिनी: एक बंद करीन.

वन्सं: रेडिओ कर.

वहिनी: बघा, खरखरीत झालं की नाही थोडं? तुम्हीच म्हणालात मघाशी, गुळगुळीतावर काही टिकत नाही.

वन्सं: माझंच औषध मला पाजतेस.

भाऊ: चहा! साखर तिघांच्यात सारखी आहे, त्यामुळे तिघांनाही आवडणार नाही. रंग काय ठरला? तिथं दुकान बंद होईल.

वहिनी: पिस्ता.

वन्सं: पिस्ता.

भाऊ: दोघी एकदम बोललात? विचारून खात्री करू का, की दोघींना खरंच...

वन्सं: गोट्या!

भाऊ: नाही विचारत. पण पिस्ते हजार असतात. दुकानात दाखवायला नमुना पाहिजे. हा पोपडा नेऊ?

वहिनी: त्याच्यावर वांगी उतरलाय, कळकट दिसतोय तो. चुकीचं मिसळून देईल तो, आणि तुम्ही तसंच घेऊन याल.

भाऊ: तसं असेल तर... मी आणखी एक सांगू का? रागावू नका.

वहिनी: आणखी काय केलंत?

भाऊ: केलं नाही. करायचं राहिलं. तेव्हा कपाट हलवायचा कंटाळा आला. जड आहे ते. म्हटलं, मागचं कोण बघतंय? कपाटामागं बाबांचा रंग असेल तसाच.

वन्सं: धर त्या बाजूनं.

भाऊ: आता? चहा तर...

वहिनी: अहो, धरा! मी मधून ढकलते. वन्सं, तुम्ही नका, गुडघा...

वन्सं: गुडघा माझा आहे. उचलू नका, ढकला. कपड्याचा बोळा घाल पायाखाली. हं... एक, दोन...

(कपाट फरशीवर करकरत सरकते. तिघेही त्याच्यामागच्या कोपऱ्याकडे बघत राहतात.)

वहिनी: अगं बाई. जसाच्या तसा.

वन्सं: जोड दिसतो का बघ कुठं.

वहिनी: एकही नाही.

वन्सं: हात उचलूच देत नव्हते.

भाऊ: बाबांना आवडला नसता ना वांगी?

वन्सं: तुला आधी घासायला लावलं असतं, मग रागावले असते.

वहिनी: वन्सं, मी लग्न होऊन आले, तेव्हा ही तुमची खोली होती. आठवतंय? माझ्या माहेराहून मशीन आलं, ठेवायला जागा नव्हती. तुम्ही काही बोलला नाहीत. बस म्हणाला नाहीत, जागा करते म्हणाला नाहीत. नुसता तुमचा पलंग खिडकीपासून सरकवलात आणि म्हणालात, "मशीनला उजेड लागतो." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी इथली आहे.

वन्सं: मी म्हटलं होतं असं?

वहिनी: तुम्ही विसरलात. मी कशी विसरणार?

भाऊ: मग इथलाच एक तुकडा खरवडून नेतो मी. आणि एक बरं झालं. इथला भाग चांगलाच आहे, तो तसाच ठेवू. कपाट परत सरकवलं की झाकलाच जाईल. रंग वाचेल, कष्टही...

वन्सं: कपाट परत तिथं जायचं नाही.

भाऊ: मग कुठं जायचं?

वन्सं: समोरच्या भिंतीला. मशीन आण परत या खोलीत, खिडकीशी. आणि या कोपऱ्यात माझा पलंग.

वहिनी: पण वन्सं, खिडकीशी तुमचा...

वन्सं: मशीनला उजेड लागतो. मला काय, रात्री झोपायचंय. रेडिओ मात्र पुढच्याच खोलीत.

वहिनी: पुढच्याच खोलीत.

भाऊ: थांबा थांबा, मला कळू दे. ताई राहतेय? कोण म्हणालं? नाही, म्हणजे नंतर माझ्यावर यायला नको. तूच ऐकलंस ना ती राहते म्हणाली?

वहिनी: तुम्ही दुकानात जा! आणि झाकण उघडून बघितल्याशिवाय डबा घेऊ नका.

भाऊ: जातो. ताई, तुझा फोन वाजतोय गं, बॅगेत. कुठल्या बॅगेत ते कळत नाही.

वन्सं: निळ्या. दे इकडे. माझे हात धुळीचे आहेत, वहिनी, तू कानाशी धर... हॅलो. हो, मीच. हो गं, आठवण आहे. नाही, ती खोली आता दुसऱ्या कुणाला दे. नाही नाही, रागवायचं काय त्यात, लिफ्ट छानच आहे. काय म्हणालीस? अगं, इथं रंगकाम काढलंय. हो, सगळं. या वेळी कपाटामागंसुद्धा द्यायचाय.